रिकाम्या पोत्याचा हिशेब

कलाशाखेच्या वार्षिकात संगणकाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण गाव बदलले की शब्दाचा अर्थ बदलतो, हा अनुभव भाषेच्या विद्यार्थ्याला नवा नाही. संगणकाच्या आज्ञावलीवरही तोच प्रसंग येतो.

आज्ञावलीला काम करताना स्मृतीत जागा लागते. ती मागून घ्यायची आणि काम संपताच परत करायची. समजा, अकोल्यात व अमरावतीत कापसाची दोन गोदामे आहेत. अकोल्याचा गोदामवाला मागाल तेवढ्या जागेची चिठ्ठी लगेच देतो. गाडी दाराशी आली की जागा शोधतो. अमरावतीचा मात्र जागेची हमी असल्याशिवाय चिठ्ठीच फाडत नाही. लिनक्सची रीत बहुधा पहिली, विंडोजची दुसरी. म्हणून लिनक्सवर होकार मिळूनही ऐनवेळी तुटवडा पडतो व चालती आज्ञावली बंद पाडली जाते.

आता कोणी रिकामे पोते आणले तर? शून्य जागेच्या मागणीला काय उत्तर द्यावे, हे 'सी' भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकाने प्रत्येक प्रणालीवर सोपवले. लिनक्स एक पत्ता देते. आयबीएमची एआयएक्स सहसा 'काही नाही' म्हणते. एकीवर तयार झालेली संदेशवहनाची आज्ञावली दुसरीवर नेली आणि एखादा रिकामा संदेश आला, की 'स्मृती संपली' अशा समजुतीने ती जोडणीच तोडते. दोष शोधणारा भरलेले संदेश पाठवून पाहतो आणि त्याला सारे ठीक दिसते! उपाय साधा आहे: लांबी शून्य आहे का ते आधी पाहावे, किंवा निदान एक बाइट तरी मागावी.

मात्र हे भेद झाकण्याचा उपायही अंगाशी येतो. काही प्रणालींचे वाटप संथ, म्हणून ओपनएसएसएल या सुरक्षा-आज्ञावलीने परत आलेली जागा स्वतःच्याच साठ्यात ठेवण्याची सोय केली. ओपनबीएसडी या प्रणालीत चुकीचा स्मृतिवापर पकडणारे पहारे होते. या साठ्यामुळे ते निष्प्रभ ठरले. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला. लहान संदेश पाठवून त्याची लांबी खोटी सांगितली, की सर्व्हर आपल्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर परत पाठवी. त्यात पासवर्डही निघत. त्याच वर्षी ओपनबीएसडीच्या मंडळींनी लिब्रेएसएसएल ही वेगळी शाखा काढली व तो साठा हटवला.

तात्पर्य, आपल्या गावी चालले म्हणजे बरोबर असतेच असे नाही. परगावी अडलेली आज्ञावली पुष्कळदा घरचीच चूक दाखवते. तिथल्या गोदामवाल्याला बोल लावण्यापूर्वी आपले पोते उघडून पाहावे.