चाक बदलले, फेरफार राहिला
(मोटार आणि ऋतुमान : लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात हिवाळी टायरच्या रबराचा विचार करताना, उष्णतामान सात अंशांच्या खाली उतरले की उन्हाळी रबर कडक होऊन रस्त्यावरची त्याची पकड कशी सुटते, हे आपण पाहिले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे असल्यामुळे नोव्हेंबरात मॉन्ट्रियलच्या टायरवाल्यांच्या दारी मोटारींची रीघ लागते, हाही उल्लेख ओघाने आला होता. त्या रांगेतून बाहेर पडलेल्या पुष्कळ मोटारींच्या बाबतीत एक चमत्कारिक प्रकार घडतो. चाके नवी, नट शिस्तीने आवळलेले, हवा मोजून भरलेली, आणि तरीही गाडी काही अंतर चालली की डॅशबोर्डावर, टायरच्या छेदाच्या चित्रात उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटून राहतो. मालक टायरवाल्याला बोल लावतो, टायरवाला गाडीला. वस्तुतः कसूर दोघांचीही नसते.

हा दिवा मोटारीत येण्यास एक दुःखद प्रकरण कारण झाले. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांना लावलेल्या फायरस्टोन टायरांचे थर धावता धावता उकलू लागले, गाड्या उलटून माणसे दगावली, ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला झालेल्या अमेरिकन कायद्यान्वये, टायरमधील हवा घटल्याची वर्दी चालकास देणारी यंत्रणा बंधनकारक करण्याचे ठरले. सप्टेंबर २००७ पासून तेथील हरएक नव्या हलक्या वाहनात ती असते. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना तशीच सक्ती केली. कॅनडाने मात्र असा हुकूम काढलेला नाही, तरी अमेरिकेच्या बाजारासाठी घडवलेल्या गाड्याच तेथेही विकल्या जात असल्यामुळे यंत्रणा गाडीबरोबर येते. आणि कायद्याचा धाक नसल्याने कित्येक लोक हिवाळी चाकांत सेन्सर न बसवताच त्या पिवळ्या दिव्याशी सारा हिवाळा संसार करतात. ही काटकसर मला पटत नाही, कारण ज्या ऋतूत हवा सर्वांत अधिक घटते नेमक्या त्याच ऋतूत पहारा उठवण्यात कसले शहाणपण?

सेन्सर म्हणजे रिमच्या आतल्या अंगाला, व्हॉल्व्हच्या मुळाशी बसवलेली एक लहानशी डबी. दाब आणि उष्णतामान मोजणारी चिप, चाक फिरते आहे की थांबले आहे हे ओळखणारा भाग, एक छोटा प्रक्षेपक आणि लिथियमची बॅटरी एवढा ऐवज तीत घालून ती कायमची मोहोरबंद केलेली असते, म्हणून पाच ते दहा वर्षांनी बॅटरी संपली की सेन्सरच बदलावा लागतो. चाक फिरू लागताच डबी जागी होऊन दाबाचा आकडा स्वतःच्या ओळख-क्रमांकासह प्रक्षेपित करते, उत्तर अमेरिकेत बहुधा ३१५ मेगाहर्ट्‌झवर आणि युरोपात ४३३.९२ वर. नोकरीच्या निमित्ताने म्यूनिचहून टोरंटोला जाणाऱ्या आपल्या मंडळींना तिकडचे सेन्सर बरोबर नेऊन सहसा उपयोग नाही, हे त्यावरून उघड आहे.

आता, शेजारून धावणाऱ्या मोटारींचे सेन्सरही त्याच लहरीवर बोलत असतात. परक्या चाकाची हवा गेल्याची वर्दी आपल्या खाती जमा होऊ नये, यासाठी गाडीच्या संगणकाच्या दप्तरी आपल्याच चाकांचे क्रमांक नोंदलेले असतात, आणि त्यांखेरीज अन्य कोणाची फिर्याद तो दाखल करून घेत नाही. जमीन खरेदी केली, ताबा घेतला, नांगरही फिरवला, तरी तलाठ्याकडे फेरफार पडून तो मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनाच खातेदार राहतो, तसाच हा मामला आहे : गाडीखाली हिवाळी चाके आहेत, पण दप्तरी नावे तळघरात रचून ठेवलेल्या उन्हाळी चाकांची.

हा फेरफार करण्याच्या रीती गाडीगणिक निराळ्या. काही गाड्या, थोडा वेळ उभ्या ठेवून मग पंधरावीस मिनिटे चालवल्या की नवे क्रमांक आपणहून ओळखतात. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत ते यंत्राने वाचून स्टिअरिंगखालच्या सॉकेटातून संगणकात लिहावे लागतात. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांतली तऱ्हा मात्र उभे राहून पाहण्यासारखी आहे. कारागीर गाडीला शिकण्याच्या अवस्थेत घालतो, तेव्हा हॉर्न दोनदा वाजतो. मग हातातले यंत्र पुढच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ टायरच्या भिंतीला टेकवून तो बटण दाबतो. यंत्रातून निघालेली १२५ किलोहर्ट्‌झची लहर झोपलेल्या सेन्सरला उठवते, सेन्सर आपला क्रमांक सांगतो, संगणक तो टिपून घेतो आणि पोच म्हणून हॉर्न एकदा वाजतो. तेथून पुढचे उजवे, मागचे उजवे, मागचे डावे, अशी गाडीला प्रदक्षिणा घालायची, आणि तीही ठरलेल्या मुदतीत, नाहीतर पुन्हा पहिल्या चाकापासून आरंभ. क्रम बिघडला तर पंक्चर पुढच्या चाकाला आणि बोभाटा मागच्याचा, अशी गत होते. नुकतीच उतरवलेली चाके गाडीलाच टेकवून ठेवली असतील तर भलताच सेन्सर जागा होण्याचा संभव असतो, म्हणून जाणता कारागीर ती आधी दूर नेऊन ठेवतो.

वर्षातून दोनदा हा खटाटोप नको असेल तर दुसरा मार्ग आहे. कोरा सेन्सर घेऊन त्यात उन्हाळी सेन्सरचाच क्रमांक उतरवतात. मग चाके बदलल्याचा गाडीला पत्ताही लागत नाही. ही उघड तोतयेगिरी असली तरी व्यवहारात मला तीच सोयीची वाटते. मात्र चाके उतरवताना कोणते कोठले ते खडूने रबरावर लिहून ठेवले पाहिजे.

ज्या गाड्यांत चाकाच्या आत काहीच नसते आणि ए.बी.एस.च्या वेगमापकांवरूनच, हवा घटून घेर कमी झालेले चाक किंचित जलद फिरते या खुणेने अनुमान काढले जाते, त्यांत नोंदीचा प्रश्नच नाही. हवा बरोबर भरून बटणाने नवी सुरुवात करून द्यायची इतकेच. हवा न पाहता बटण दाबले तर कमी दाबच प्रमाण मानला जातो.

लुकलुकणारा दिवा आणि थेट पेटणारा दिवा यांतला भेद मात्र पक्का ध्यानात ठेवावा. पहिला यंत्रणेची तक्रार सांगतो, दुसरा हवेची. वीस अंशांच्या उबदार गॅरेजात ३३ पौंड भरलेली हवा बाहेर उणे वीस अंशांत रात्रभर राहिली की साडेसव्वीस पौंडांच्या आसपास येते, आणि उणे तीसच्या सुमारास अमेरिकन नियमाची पंचवीस टक्के घटीची मर्यादा गाठते. अशा सकाळी दिवा पेटला तर फेरफाराची शंका घेऊन टायरवाल्याकडे धावण्याऐवजी, गाडी हलवण्यापूर्वी गेज लावून हवा भरावी.

आपल्याकडे ऋतुपरत्वे चाके बदलण्याचा प्रसंग येत नाही. तरी जुलै २०२० च्या अधिसूचनेने, ही यंत्रणा आणि टायर-दुरुस्तीचा संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या मोटारींना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही, आणि स्टेपनी नसली की सारी भिस्त या दिव्यावरच असते. त्यामुळे पुण्या-मुंबईतही टायरांची अदलाबदल करून आणल्यावर कोणते चाक दप्तरी कोठे नोंदले आहे, हे पाहून घेणे अगत्याचे झाले आहे.

बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने सेन्सरचा अॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह आणि त्यातला पितळी गाभा एकमेकांना कसे चिकटून बसतात, हा विषय पुढील लेखांकी घेऊ.