मातीचं घर : लादलेलं आणि निवडलेलं

वस्तीत काम करताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आम्हाला पक्कं घर पाहिजे." मागणी रास्तच आहे. गावकुसाबाहेरचं कुडामातीचं घर आपल्या आजी-आजोबांनी निवडलेलं नव्हतं, ते त्यांच्यावर लादलं गेलं होतं. म्हणून माती म्हणजे गरिबी आणि सिमेंट म्हणजे प्रतिष्ठा, हे समीकरण आपल्या मनात पक्कं बसलं. पण तेच मातीचं घर कुणी विज्ञान समजून, स्वतःच्या निवडीनं बांधलं तर? लडाखच्या तरुणांनी हे करून दाखवलं आहे.

सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली 'सेकमोल' ही संस्था सुरू केली. दहावीत नापास ठरवलेल्या मुलांना तिथे आधार मिळाला. लेहजवळच्या फे गावातला तिचा परिसर उभारण्यात विद्यार्थ्यांचा स्वतःचा हात आहे. वीज सूर्याची, ऊबही सूर्याची. बाहेर तापमान उणे १५ अंशांपर्यंत उतरलं तरी आत ते १४ अंशांच्या आसपास राहतं. खोल्या गरम करायला शेगडी लागत नाही. २०१६ मध्ये तिथल्या मुख्य इमारतीला मातीच्या वास्तुकलेसाठीचा आंतरराष्ट्रीय 'टेरा' पुरस्कार मिळाला.

यामागचं शास्त्र सोपं आहे. लेहमध्ये डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर असतो, तर जूनमध्ये जवळपास ७९ अंश. म्हणून मोठ्या काचा दक्षिणेला लावतात. हिवाळ्याचं तिरपं ऊन थेट आत येतं, उन्हाळ्याचं उभं ऊन छज्जा अडवतो. जाड मातीच्या भिंती आणि जमीन दिवसभर उष्णता साठवतात आणि रात्री सावकाश सोडतात. ती बाहेर निसटू नये म्हणून छताला आणि बाहेरच्या भिंतींना भुसा, गवत अशा हलक्या वस्तूंचा थर देतात.

मातीचा शत्रू पाणी. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेह परिसरात अनेक मातीची घरं कोसळली, माणसं गेली. त्यामुळे दगडी जोतं, पाणी दूर टाकणारं छत आणि नाल्यापासून अंतर यांत तडजोड चालत नाही.

महाराष्ट्रात हे घर जसंच्या तसं उचलून चालणार नाही. विदर्भ-मराठवाड्यात ऊन आत घ्यायचं नसतं, अडवायचं असतं. नुसती काळी मातीही चालत नाही, ती पावसात फुगते आणि उन्हात तडकते. पण दिशा, सावली, भिंतीची जाडी आणि हवेची वाट हे प्रश्न इथेही तेच आहेत. मे महिन्यात पत्र्याखाली भाजणारं घर 'पक्कं' कसं म्हणायचं?

म्हणून घरकुल मंजूर झालं की फक्त हप्त्याची चौकशी करू नका. खिडकी कुठे, छत कशाचं, सावली किती, हेही विचारा. वस्तीतल्या स्थापत्य शिकणाऱ्या मुलामुलींना नकाशा काढायला बसवा. लादलेल्या आणि निवडलेल्या घरात फरक मातीचा नसतो. निर्णय कुणी घेतला, याचा असतो.