ई-मेलसोबतच्या पत्रकांचे आपोआप दप्तर

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतात त्या सुमारास जव्हार व मोखाडा या दोन्ही तालुक्यांच्या पाड्यांवरून पुष्कळशी कुटुंबे वीटभट्टीच्या कामासाठी भिवंडी, वसई या बाजूंस उतरतात आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. जाणाऱ्या मुलास शिक्षण हमी कार्ड द्यावे, स्थलांतरितांच्या यादीत त्याचे नाव घ्यावे व ती यादी वर पाठवावी, हे काम येथील शिक्षकांच्या अंगवळणी पडलेले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ अशा मुलाच्या बाजूने उभे आहे. दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून त्यास प्रवेश नाकारता येत नाही. परंतु भट्टीवर मूल आले आहे हे तेथील शाळेस कळेल, तेव्हाच त्या कलमाचा उपयोग. आणि ते कळण्याचे साधन आज बहुधा एकच असते, ते म्हणजे ई-मेलला जोडून पाठविलेली यादीची फाइल.

ही फाइल पाठविली की आपले काम संपले, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ती कोणा एकाच्या टपालपेटीत जाऊन पडते. तेथे तिच्या मागेपुढे परिपत्रके, सभांच्या सूचना, पोषण आहाराची पत्रके व निव्वळ जाहिराती यांची रांग असते. ती पेटी ज्यांची, ते रजेवर असले किंवा त्यांची बदली झाली, म्हणजे यादी पोहोचूनही पोहोचली नाही असेच होते. मग पंचायत समितीतून पुन्हा निरोप येतो, शिक्षक पुन्हा यादी पाठवितात, आणि ही मागणी दोनतीनदा होईपर्यंत भट्टीवरील मुलाचे तीन आठवडे गेलेले असतात.

कागदी टपालाची रीत याहून बरी होती, हे मान्य केले पाहिजे. कार्यालयात पत्र आले की बारनिशीत त्याची नोंद होई, त्यावर आवक क्रमांक व तारीख पडे आणि नंतर ते त्या त्या विषयाच्या नस्तीत जाई. लिपिक बदलला तरी नस्ती कपाटात राही. ई-मेलमध्ये तारीख व वेळ आपोआप पडते; पण पत्रक पेटीतून काढून नस्तीत लावणारा हात तेथे नाही. आपोआप जतन करण्याची जी रीत या लेखात सांगावयाची आहे, ती हा एकच हात पुरविते. त्याहून अधिक काही नाही.

येथे थोडे विषयांतर. ई-मेलला फाइल जोडण्याची आजची सर्वमान्य पद्धत नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड या दोघांनी घडविली, आणि तिच्याप्रमाणे पहिले जोडपत्र बोरेनस्टाइन यांनी ११ मार्च १९९२ रोजी पाठविले. ई-मेल मुळात साध्या अक्षरांसाठी निर्माण झाला असल्याने जोडलेली फाइल अक्षरांत बदलून पाठवावी लागते, व या बदलात फाइलच्या तीन भागांचे चार भाग होतात. म्हणजे पत्रक जेवढे दिसते त्यापेक्षा सुमारे एकतृतीयांश अधिक ओझे घेऊन प्रवास करते. जेथे भ्रमणध्वनीची लहर टेकडीवर चढून शोधावी लागते, तेथे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कागदावरील यादीचे छायाचित्र काही मेगाबाइटचे होते. तीच यादी टंकून पाठविली तर ती त्याच्या शतांशातही मावते.

आता मूळ विषय. केंद्रासाठी किंवा गटासाठी जीमेलचे एक स्वतंत्र खाते असावे. ते व्यक्तीच्या नावाचे नसावे, पदाच्या नावाचे असावे. त्या खात्यात ‘फिल्टर’ लावता येतो. शाळांच्या ठराविक पत्त्यांवरून आलेल्या व विषयात ‘स्थलांतर’ हा शब्द असलेल्या प्रत्येक ई-मेलवर एक लेबल चिकटविण्याचे काम हा फिल्टर करतो. मात्र जोडपत्र उचलून फोल्डरमध्ये ठेवणे त्यास येत नाही. त्यासाठी त्याच खात्यात ‘ॲप्स स्क्रिप्ट’ नावाची सोय आहे. तीत पंधरावीस ओळींची एक लहान आज्ञावली लिहून ठेवतात. लेबल लागलेले ई-मेल शोधावेत, त्यांतील जोडपत्रे काढावीत, ती ड्राइव्हवरील अमुक सामायिक फोल्डरमध्ये ठेवावीत आणि झालेल्या ई-मेलची खूण करावी, एवढाच तिचा आशय असतो. ही आज्ञावली दर तासाला आपोआप चालावी, असे वेळापत्रकही तेथेच लावता येते. एका फेरीस सहा मिनिटांची मर्यादा आहे. केंद्राच्या कामास ती पुरून उरते. तालुक्यात संगणकाची आवड असलेला एखादा शिक्षक असतोच. त्याच्याकडून ही मांडणी एकदा करून घेतली की दररोज तिला हात लावावा लागत नाही.

या रीतीचा जव्हार-मोखाड्यास विशेष लाभ असा की, सर्व काम गूगलच्या दूरच्या यंत्रांवर होते. आषाढातील पावसात कार्यालयाची वीज दिवसभर गेली, संगणक बंद राहिला, तरी शाळेकडून निघालेले पत्रक फोल्डरमध्ये जाऊन बसते. याउलट कार्यालयातील संगणकावरच्या टपाल-कार्यक्रमात असा नियम बसविला, तर तो संगणक चालू असेल तेव्हाच तो नियम चालतो. आपल्याकडे ही दुसरी पद्धत न स्वीकारलेली बरी.

आज्ञावली सांगितलेले तेवढेच करते, आणि अडचणी येथूनच सुरू होतात. पहिली अडचण नावांची. शाळांकडून येणाऱ्या फाइलींची नावे ‘यादी’, ‘नवीन यादी’, ‘स्कॅन १’, ‘अंतिम’ अशी असतात. ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या अनेक फाइली सुखाने एकत्र राहू शकतात. कोणती कोणाची हे सांगण्यास मात्र कोणी नसते. म्हणून प्रत्येक शाळेने फाइलीच्या नावात आपला अकरा अंकी यू-डायस क्रमांक, पत्रकाचे नाव व महिना ही तिन्ही लिहावीत. ई-मेल आल्याची तारीख नावाच्या आरंभी जोडण्याचे काम आज्ञावलीकडे सोपविता येते. यू-डायस क्रमांक मात्र मनुष्यानेच लिहावयाचा असतो, व तो एका अंकाने चुकला तर यादी शेजारच्या शाळेच्या नावावर जाते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. यादीत चूक आढळली की शिक्षक पूर्वीच्याच ई-मेलला उत्तर म्हणून दुरुस्त यादी पाठवितात. जीमेल अशा ई-मेलांची एक साखळी बांधते व आज्ञावली आपली खूण त्या साखळीस लावते. आज्ञावली जशी लिहिली असेल त्याप्रमाणे मग जुनी यादी पुन्हा एकदा फोल्डरमध्ये उतरते, किंवा साखळीचे काम झालेले आहे असे समजून नवी यादी सुटून जाते. लिहिणाऱ्याने प्रत्येक ई-मेलची वेगळी नोंद ठेवली तर हा दोष जातो. शिक्षकांच्या बाजूने उपाय सोपा आहे: दुरुस्त यादी नव्या ई-मेलनेच पाठवावी.

तिसरी गोष्ट आकाराची. जीमेलमधून पंचवीस मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल जोडू लागले असता ती ड्राइव्हवर ठेवली जाते व पत्रात केवळ तिचा दुवा जातो. वाचणाऱ्यास तो जोडपत्रासारखाच दिसतो. आज्ञावलीस तो जोडपत्र म्हणून दिसत नाही. पाठविणाऱ्याच्या सहीखालील शाळेचे बोधचिन्ह मात्र ती जोडपत्र समजून फोल्डरमध्ये ठेवू शकते, तेव्हा चित्रे वगळण्याची आज्ञा आधीच द्यावी. शिवाय नको असलेल्या टपालाच्या, म्हणजे ‘स्पॅम’च्या पेटीत गेलेला ई-मेल या शोधात येत नाही, ती पेटी आठवड्यातून एकदा कोणीतरी डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे.

फोल्डर कोणास उघडा असावा, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. खरे तर तो सर्वांत आधी विचारला पाहिजे. स्थलांतरितांच्या यादीत मुलाचे नाव, वय, आईवडिलांची नावे, भट्टीचा ठिकाणा असतो. कोणत्या पाड्यावरची कोणती घरे महिनोन्महिने कुलूपबंद आहेत, हेही तीच यादी सांगते. ‘ज्याच्याजवळ दुवा आहे तो कोणीही’ ही सवलत देऊन तो दुवा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणे म्हणजे ही माहिती बाजारात टांगण्यासारखे आहे. फोल्डर नावनिशीवार खात्यांनाच द्यावा. केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी कार्यालयातील संबंधित एकदोघे यांना बदल करण्याची मुभा असावी. भिवंडी किंवा वसईकडील ज्या कार्यालयास मुले शोधावयाची आहेत, त्यास केवळ पाहण्याची द्यावी, आणि हंगाम संपताच ती काढून घ्यावी. वैयक्तिक विदासंबंधीचा कायदा २०२३ साली झाला, हे खरे; पण कायदा नसता तरी कोणा समंजस शिक्षकाने आपल्या वर्गाची अशी यादी एस. टी.च्या थांब्यावर चिकटविली नसती.

खाते पदाच्या नावाचे असावे, असे वर म्हटले त्याचे कारणही येथेच सांगून टाकावे. वेळापत्रकानुसार चालणारी आज्ञावली ज्या खात्यातून लावली त्याच खात्याच्या अधिकाराने चालते, व फोल्डरमधील फाइलींची जागाही त्याच खात्यातून खर्च होते. विनामूल्य खात्यास टपाल, ड्राइव्ह व छायाचित्रे मिळून पंधरा गिगाबाइट असतात. ते खाते शिक्षकाच्या खाजगी छायाचित्रांनी भरले, तर एके दिवशी पत्रके येणेच थांबते. आज्ञावली अडली तर तसे कळविणारा ई-मेल त्याच खात्यावर येतो. तो वाचणारे कोणी नसेल तर व्यर्थ.

एक काम मात्र दरमहा हातानेच करावयाचे आहे. केंद्रातील शाळांची छापील यादी समोर ठेवून फोल्डरमधील नावांशी ताडून पाहावी. आलेल्या फाइली सर्वांना दिसतात. न आलेली फाइल शोधावी लागते, आणि ती बहुधा अशाच शाळेची असते की जेथून मुले सर्वाधिक गेली आहेत व जेथे लहर मिळत नाही. खोडाळा, सूर्यमाळ किंवा जामसर या बाजूंची एखादी शाळा यादीत दिसली नाही, तर स्मरणपत्राचा ई-मेल धाडून स्वस्थ बसू नये. पहिला ई-मेल जेथून निघू शकला नाही तेथे दुसराही पोहोचणार नाही. केंद्रसभेस त्या शाळेचे शिक्षक येतात. त्यांच्याकडून यादी कागदावर घ्यावी, तेथेच टंकावी आणि यू-डायस क्रमांक घालून त्याच दिवशी फोल्डरमध्ये ठेवावी.