वायूची दाटी आणि ताऱ्यांचा जन्म

तारे जन्माला येतात ते रेण्वीय मेघांत. हे मेघ मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे असतात आणि त्यांचे तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मग मेघ जितका मोठा तितके त्यात तारे अधिक, असे म्हणता येईल का?

दोन मेघांची तुलना करून पाहू. मृग नक्षत्रातील ‘ओरायन ए’ आणि ययाती तारकासमूहातील ‘कॅलिफोर्निया’ या दोन्ही मेघांचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे एक लाख पट आहे. तरीही कॅलिफोर्निया मेघात नवजात तारे जेमतेम एक दशांश! चार्ल्स लाडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ही तफावत दाखवून दिली. फरक आहे तो दाट वायूच्या प्रमाणात.

मेघाच्या विरळ भागात दर घन सेंटिमीटरला काहीशे रेणू असतात, तर दाट गाभ्यात दहा हजारांहून अधिक. वायूचा दाब मेघाला फुगवू पाहतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला आकसवते. गुरुत्वाकर्षणाची सरशी होण्यासाठी किमान किती वस्तुमान हवे, हे जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये गणिताने मांडले. तापमान तेच राहून घनता शंभरपट झाली, तर हे किमान वस्तुमान एक दशांशावर येते. आकसण्यास लागणारा काळही त्याच प्रमाणात घटतो. घन सेंटिमीटरला १०० रेणू असतील तर सुमारे ३० लाख वर्षे, १०,००० असतील तर ३ लाख.

म्हणजे घनता चौपट झाली की वायू चौपट आणि काळ निम्मा. तारकानिर्मितीचा वेग आठपट होतो! घनता व निर्मितीचा वेग यांत असा घातांकी संबंध असावा, असे मार्टेन श्मिट यांनी १९५९ मध्ये सुचवले होते.

मात्र एक कोडे उरतेच. आपल्या आकाशगंगेतील रेण्वीय वायू सुमारे शंभर कोटी सूर्यांइतका आहे. तो ३० लाख वर्षांत आकसला, तर दरवर्षी तीनशे सूर्यांइतके तारे घडायला हवेत. प्रत्यक्षात घडतात सुमारे दोन सूर्यांइतकेच. मेघातील खळबळ, चुंबकीय क्षेत्र आणि नवजात ताऱ्यांचे प्रारण व वारे आकसण्याला अडथळा करतात. यांपैकी कोणाचा वाटा किती, याचे संशोधन अजून चालू आहे. हा अडथळा नसता, तर आकाशगंगेतील हा वायू केव्हाच संपून गेला असता.

विद्यार्थ्यांना विचारून पाहा: घनता नऊपट झाली, तर निर्मितीचा वेग किती पट होईल?