ओल्कारियाची वाफ

ग्रेट रिफ्ट व्हॅलीच्या रेषेवर पूर्व आफ्रिका हळूहळू दुभंगते आहे. दोन्ही बाजूंचे भूपट्ट वर्षाला काही मिलिमीटर एकमेकांपासून दूर सरकतात, मधले कवच ताणून पातळ होते आणि तप्त शिलारस वर चढतो. केनियात नैवाशा सरोवराच्या दक्षिणेला, ओल्कारियात, दोन-तीन किलोमीटर खोलीवर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते. तिथवर मुरलेले पाणी भयंकर तापते, पण दाबाखाली असल्यामुळे द्रवच राहते. विहीर खोदली की वर येता येता दाब उतरतो, काही पाण्याची वाफ होते आणि दोन्ही एकत्रच उसळतात. विभाजक टाकीतून वाफ टर्बाइनकडे जाते, तर पाणी दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडतात. या पाण्यातली सिलिका मोठी चिवट. पाणी जास्त निवले, की ती पाइपांच्या आतून दगडासारखी धरते.

खोदकाम १९५६ मध्येच सुरू झाले होते. सुरुवातीच्या विहिरींनी निराशा केली आणि काम थांबले. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ते पुन्हा हाती घेतले गेले आणि १९८१ मध्ये १५ मेगावॅटचा पहिला संच फिरू लागला. आज देशाची भूऔष्णिक क्षमता ९०० मेगावॅटच्या वर असून बहुतेक वाटा ओल्कारियाचा आहे.

इतका वेळ लागला तो पैशापायी. इंधन फुकट, पण खर्च सगळा आधीच करायचा. एकेका विहिरीवर लाखो डॉलर ओतूनही ती थंड निघू शकते. या जुगारात खासगी कंपन्या सहसा उतरत नाहीत, म्हणून २००८ मध्ये सरकारने स्वतंत्र कंपनी काढली. खोदाईची जोखीम तिची. वीज कंपन्यांना ती तयार वाफ विकते. केनियाचा हा निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल. पावसावर विसंबण्याची किंमत देशाने मोजली होती: १९९९-२००० च्या दुष्काळात धरणे आटली आणि कडक भारनियमन करावे लागले. वाफेला दुष्काळ ठाऊक नाही.

नैवाशाकाठच्या एका गुलाबशेतीने हीच उष्णता हरितगृहांत खेळवली. रात्रीचा दमटपणा त्यामुळे हटतो आणि बुरशी कमी धरते.

मसाई पशुपालकांचा अनुभव मात्र वेगळा आहे. १४० मेगावॅटच्या ओल्कारिया-४ साठी त्यांची काही गावे २०१४ मध्ये हलवण्यात आली. नव्या जागेबद्दल आणि जमिनीच्या हक्काबद्दलच्या त्यांच्या तक्रारी प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेपर्यंत आणि युरोपीय गुंतवणूक बँकेपर्यंत गेल्या. पुढे मध्यस्थी करावी लागली.