नळीने मिल्कशेक कोण वर चढवतो?

जयगडला कधी गेलात तर तुम्ही किल्ला पाहाल, दीपगृह पाहाल, शास्त्री नदी समुद्राला मिळते ती खाडी पाहाल, आणि खाडीपलीकडे तवसाळला जाणारी फेरीबोटही पाहाल. गेल्या काही वर्षांत येथे मोठे बंदर झाले, १,२०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र झाले. वर्दळ वाढली, तशी खाण्यापिण्याची नवी दुकानेही आली. अशाच एका दुकानात मे महिन्यात माझे दोन भाचे मला घेऊन गेले. रंगीत खुर्च्या, भिंतीवर चित्रे, आणि फळ्यावर बर्गर व मिल्कशेक यांची लांबलचक यादी! घरी कोकम सरबत पिणाऱ्या मुलांना या यादीचे कोण कौतुक!

बर्गर आले, हापूसचे दाट मिल्कशेक आले. धाकट्याने कागदी नळी पेल्यात खुपसली आणि गाल आत ओढून जोर लावला. मिल्कशेक जागचा हलेना. "अरे, आणखी जोर लाव," थोरला म्हणाला. धाकट्याने आणखी जोर लावला आणि ओली झालेली नळी मधोमध चपटी झाली.

"मामा, मी तर नळी दाबली नाही. मग ती चेपली कुणी?"

प्रश्न साधा होता. वीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने तो लगेच सोडवायला हवा होता. उत्तर मी दिलेही. पण देता देता माझ्या लक्षात आले, की गेल्याच महिन्यात याच मुलांच्या घरी मी एक मोठी चूक करून बसलो आहे. ती कोणती, ते पुढे सांगतो. आधी नळीचे पाहू.

ओढणारा कोणी नाही, ढकलणारा आहे

आपण म्हणतो, "नळीने सरबत ओढले." पण द्रवाला दोरी बांधून ओढता येत नाही. तोंडाने आपण एवढेच करतो, की नळीतली थोडी हवा काढून घेतो. त्यामुळे नळीच्या आतला दाब कमी होतो. पेल्यातल्या द्रवाच्या उघड्या पृष्ठभागावर मात्र बाहेरच्या हवेचा दाब पूर्वीइतकाच असतो. जास्त दाबाची बाजू कमी दाबाच्या बाजूकडे द्रवाला ढकलते, आणि सरबत नळीतून वर चढते. म्हणजे काम हवा करते. आपण फक्त तिची वाट मोकळी करतो.

हवेचा हा दाब काही लहानसहान नाही. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका भार असतो. तळहाताचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरले, तर त्यावर सुमारे १०० किलोग्रॅम! हात खाली जात नाही, कारण खालूनही हवा तेवढ्याच जोराने रेटत असते. दोन्ही बाजू सारख्या असल्या, की दाब जाणवत नाही. एका बाजूचा कमी केला, की दुसरी बाजू आपला जोर दाखवते. धाकट्याची नळी चेपली ती यामुळेच. १ जुलै २०२२ पासून आपल्या देशात प्लॅस्टिकच्या नळ्यांवर बंदी आली आणि कागदी नळ्या दिसू लागल्या. कागद भिजून मऊ होतो. आतला दाब कमी होताच बाहेरच्या हवेने त्या मऊ भिंती आत दाबल्या.

मग मिल्कशेक का हलेना?

वीस सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी चढवायला हवेच्या दाबाचा सुमारे पन्नासावा भाग पुरतो. म्हणून नळीने पाणी पिताना श्रम जाणवत नाहीत. मिल्कशेक पाण्यापेक्षा फारसा जड नाही, तरी तो वाहायला नाखूश असतो. द्रवाच्या या चिकट संथपणाला 'श्यानता' म्हणतात. मिल्कशेकमध्ये आइस्क्रीमचे बर्फाचे सूक्ष्म स्फटिक असतात, दुधातील स्निग्धाचे कण असतात, हवेचे बुडबुडे असतात आणि आंब्याचा गरही असतो. ही सगळी गर्दी एकमेकांवरून सरकायला विरोध करते.

नळीची रुंदी येथे फार महत्त्वाची ठरते. एकोणिसाव्या शतकात पोआझय या फ्रेंच वैद्याने अरुंद नळ्यांतून द्रव कसे वाहतात याचा बारकाईने अभ्यास केला. त्याला कुतूहल होते ते शरीरातील रक्तप्रवाहाचे. त्याला आढळले, की दाब व लांबी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर प्रवाह दुप्पट किंवा चौपट नव्हे, तर सोळापट होतो! पाणी, तेल अशा साध्या द्रवांना हा नियम नेमका लागू पडतो. मिल्कशेकचे वागणे थोडे निराळे आहे, पण अरुंद नळी त्यालाही भारीच पडते. म्हणून मिल्कशेकची नळी सरबताच्या नळीहून जाड असते.

मिल्कशेकचे निराळेपण असे, की तो ढवळला की पातळ होतो. बर्गरबरोबर आलेली टोमॅटो सॉसची बाटली आठवा. उपडी धरली तर थेंब पडत नाही, पण चांगली हलवली की सॉस भसकन येतो. मी भाच्याला सांगितले, "जोर लावू नकोस. चमच्याने ढवळ, दोन मिनिटे थांब, आणि जाड नळी माग." तसे करताच मिल्कशेक सुखाने वर आला.

विहिरीवरची माझी चूक

आता माझी चूक. भाच्यांचे घर सड्यावर आहे. घरामागे जांभ्यात खोदलेली विहीर आहे आणि तिच्या काठावर एक अश्वशक्तीचा पंप. पावसाळ्यानंतर पाणी वर असते, तेव्हा पंप बिनतक्रार चालतो. एप्रिलमध्ये पाणी काठापासून ३६ फूट, म्हणजे सुमारे ११ मीटर खाली गेले आणि पंप नुसताच घरघरू लागला. बहिणीने फोनवर विचारले, "आता काय करू?" मी घाईघाईने सांगून टाकले, "पंप कमी पडतो आहे. दोन अश्वशक्तीचा घ्या." भावोजींनी उसनवार करून नवा पंप आणला. पाण्याचा थेंब आला नाही. मी गेलो तेव्हा बहीण रहाटाने पाणी काढत होती आणि नवा पंप पोत्याखाली झाकलेला होता. दोष पंपाचाच असणार, असे मी समजत होतो.

दुकानात चेपलेली नळी पाहून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काठावरचा पंप म्हणजे विहिरीत सोडलेली एक मोठी नळी! पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर पडणारी हवा पाणी वर ढकलते. मग हवा किती उंच ढकलू शकेल?

हा प्रश्न जुना आहे. ठरावीक उंचीपलीकडे पंप पाणी चढवत नाहीत, याचा उल्लेख गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात केला होता. पुढे १६४४ च्या सुमारास टॉरिचेल्लीने पाण्याऐवजी पारा वापरून त्याचे उत्तर दिले. वातावरणाचा दाब पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तेव्हा पाण्याचा स्तंभ ७६ × १३.६ = सुमारे १,०३४ सेंटिमीटर, म्हणजे १०.३ मीटर. याहून उंच स्तंभ हवा पेलू शकत नाही. पास्कलने तर १६४८ मध्ये आपल्या मेहुण्याला पाऱ्याची नळी घेऊन डोंगरावर पाठवले. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली आलेला दिसला. वर हवेचा भार कमी, म्हणून स्तंभही आखूड!

आपली विहीर ११ मीटर. पाइपात संपूर्ण निर्वात निर्माण केला तरी पाणी १०.३ मीटरवरच थांबणार. मग पंप एक अश्वशक्तीचा असो, दोनचा असो की पन्नासचा! व्यवहारात तर पाइपातील घर्षण, सांध्यांतून शिरणारी हवा व पाण्याची वाफ यांमुळे सात-आठ मीटरवरच अडचण सुरू होते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी ही मर्यादा आणखी सुमारे दीड मीटरने कमी होते.

पण खालून वर ढकलायला अशी मर्यादा नाही. तेथे पंपाची शक्ती कामी येते. म्हणून दुसऱ्या दिवशी गावातील मिस्त्रीला बोलावून विहिरीच्या आत, काठापासून २२ फूट खाली लोखंडी चौकट बसवली आणि जुना एक अश्वशक्तीचाच पंप तिच्यावर उतरवला. आता पाणी पंपापासून फक्त १४ फूट खाली होते. एवढे हवेने चढवले. उरलेले पंपाने वर ढकलले. संध्याकाळी टाकी भरली. मृगाच्या आधी तो पंप वर काढायची आठवण मात्र ठेवावी लागते, नाहीतर पावसाळ्यात पाणी चढून तो बुडेल. पाण्यात बुडवूनच ठेवायचे पंप मिळतात, तेही याच तत्त्वावर, खालून ढकलतात.

नवा पंप दुकानदाराने परत घेतला, पण पैसे कापून. ते पैसे माझ्या सल्ल्याचे. टॉरिचेल्लीचा प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढतो. विहिरीच्या काठावर मात्र "पंप पाणी ओढतो" हाच शब्द माझ्या तोंडी होता, आणि त्या शब्दाने मला फसवले.

करून पाहा

१. नळीच्या वरच्या भागाला टाचणीने दोन-तीन छिद्रे पाडा आणि पाणी प्या. काय होते? का?

२. दोन नळ्या तोंडात धरा. एक पेल्यात बुडवा, दुसरीचे टोक बाहेर हवेत ठेवा. आता पाणी येते का?

३. काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरा. तोंडात नळी बसवून भोवतीची फट भिजवलेल्या कणकेने घट्ट बंद करा. आता प्या. एखादा घोट तरी मिळतो का? मग कणकेला छोटे छिद्र पाडून पुन्हा प्या.

तिसरा प्रयोग वर्गात जरूर करावा. बाटली बंद असताना सर्वांत धट्टाकट्टा मुलगाही हरतो, आणि छिद्र पाडताच लहानसा मुलगाही पाणी पितो. पाणी वर कोण चढवतो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आणि तुमच्या घरी काठावर पंप असेल, तर विहिरीत न उतरता, दोरीला दगड बांधून पाणी किती खोल आहे ते वडीलधाऱ्यांसमक्ष मोजा. तो आकडा मार्चमध्येच वहीत लिहून ठेवलात, तर मे महिन्यात उपयोगी पडेल.