नाव ठेवण्याआधीच नावं ठेवणारे!

पोटातल्या बाळाचं नाव ठरलंय, पण इतक्यात कुणाला सांगायचं नाहीये... मग आजी, मावशी, काकू आणि अख्ख्या फॅमिली ग्रुपला आवरायचं कसं?

"काय वो, नाव ठरवलं का नाही?"
"आमाले बी सांग ना, आम्ही काय परके आहो का?"
"बरं जाऊ दे, पहिलं अक्षर तरी सांगून दे!"

नोकरी पुण्यात किंवा नागपुरात, माहेर भिवापूरचं आणि घरात गोड बातमी! हे कॉम्बिनेशन असेल तर वरचे डायलॉग तुम्हाला तोंडपाठ असणार. नागपूरहून निघून उमरेड मागे टाकलं की भिवापूर येतं. तिखट मिरचीसाठी नाव कमावलेलं हे गाव. इथे बातमीही मिरचीच्या फोडणीसारखी पसरते. एका घरात पडली की चार घरांना ठसका! त्यात पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. म्हणजे सातव्या महिन्यानंतर तुम्ही भिवापुरात, नवरा शहरातल्या ऑफिसात आणि दोघांनी रात्र-रात्र चर्चा करून ठरवलेलं नाव सांभाळायची जबाबदारी तुमच्या एकटीवर. समोर सख्खी आई, तीन माम्या आणि दुपारच्या चहाला हमखास येणाऱ्या शेजारच्या काकू!

आता कुणी म्हणेल, सांगितलं तर बिघडलं काय? आपलीच तर माणसं आहेत.

बिघडतं ते असं. मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत फक्त एका टिंबाचा फरक आहे, आणि नातेवाइकांना तो टिंब द्यायला दोन सेकंद पुरतात. "या नावाचा एक पोरगा आमच्या वर्गात होता, सारखा नापास व्हायचा." "अर्थ काय म्हणे याचा?" "शाळेत पोरं चिडवतील." "स्पेलिंगमध्ये एक ए वाढवा, न्यूमरॉलॉजीत बसत नाही." पाळण्यात बाळ दिसत असताना असं बोलायची कुणाची हिंमत होत नाही. कारण तेव्हा नाव म्हणजे ते बाळच असतं. बाळ पोटात असताना मात्र नाव हा नुसता प्रस्ताव वाटतो, आणि प्रस्तावावर सूचना मागवल्या आहेत असं प्रत्येकालाच वाटतं. चार सूचनांनंतर तुम्हाला मनापासून आवडलेलं नाव तुमच्याच कानाला खटकायला लागतं. मग मागे उरतं ते कुणाचीच हरकत नसलेलं नाव. म्हणजे कुणालाच फारसं न आवडलेलं!

हे फॅड नवं नाही

"तुमचं हे प्रायव्हसीचं नवीनच खूळ," असा टोमणा आला तर खुशाल हसा. नाव लपवणं आपल्याकडे फार जुनं आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाच्या एका खास नावाचा उल्लेख येतो. गुरूला वंदन करताना उच्चारायचं हे नाव मुंज होईपर्यंत फक्त आई-वडिलांनाच माहीत असावं, असं तिथे सांगितलं आहे.

बारशाची रचनाही बघा ना. आधी सोयराचे दहा दिवस. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिणार. हे सगळं पार पडल्यावर, बहुतेक घरांत बाराव्या दिवशी, बाळाला नाव मिळणार. तेसुद्धा आधी बाळाच्या कानात! आत्या 'कुर्रर्र' करून नाव सांगते, बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात आणि मग ते सगळ्यांना कळतं. पूर्वी मुलं जगण्याचीच खात्री नव्हती, तेव्हा थांबण्यामागे भीती होती. दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू अशी नावं ठेवली जात, ती याच भीतीपोटी. आज भीती बरीच कमी झाली, पण थांबण्यातली मजा तशीच आहे. फुलांनी सजवलेल्या नावाच्या बोर्डवरचा पडदा बारशाला ओढायचा, तर त्यामागचं नाव सगळ्यांना आधीच माहीत असून कसं चालेल?

एक नाव की दोन?

आपल्याकडे या गुपिताला आणखी एक पदर आहे. अमेरिका-युरोपात बऱ्याच जोडप्यांना मुलगा की मुलगी हे आधीच माहीत असतं. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला बंदी आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्येच त्यासाठी कायदा केला आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. त्यामुळे भिवापुरातली होणारी आई असो की बाणेरमधली, तिच्याकडे एक नाव नसतं, दोन असतात. एक मुलीचं, एक मुलाचं.

ही दोन्ही नावं एकदा सांगून बघा. मुलाच्या नावावर अर्धा तास चर्चा होईल. मुलीच्या नावावर बऱ्याचदा "हो, छान आहे" एवढंच. डोहाळजेवणात वाटीखाली पेढा निघतो की बर्फी, हा खेळ म्हणून ठीक आहे. पण त्या हशामागची अपेक्षा होणाऱ्या आईला बरोबर ऐकू येते. मुलाचं नाव घरभर घेतलं गेलं, आजोबांनी त्या नावाने पोटाला हाकही मारली आणि मुलगी झाली, तर तिचं स्वागत न आलेल्या भावाच्या नावाने होतं.

अपेक्षेतून नाव ठेवलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलंय. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा प्रशासनाने एक कार्यक्रम घेतला. त्यात २८५ मुलींना नवीन नावं मिळाली. तोपर्यंत त्यांचं नाव होतं नकुशी किंवा नकुसा. म्हणजे नको असलेली! मुलगा हवा होता आणि ही झाली, एवढाच त्या नावाचा अर्थ. नाव म्हणजे घराने बाळाबद्दल काढलेले पहिले उद्गार. ते कुणाच्या तोंडून आणि कुठल्या मूडमध्ये निघावेत, हे महत्त्वाचं नाही का?

तिने निवडलेलं पहिलं नाव

आता जरा तुमच्या आजीला विचारा, तिचं लग्नाआधीचं नाव काय होतं. बऱ्याच आज्या दोन नावं सांगतील. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं नाव तिचं नवं नाव झालं. तिला कुणी विचारलं नाही. पुढे नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, आणि सासऱ्याचं तर घ्यायचंच नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं तरी सुनेने पोराला हाक मारायची ती 'भाऊ' किंवा 'अप्पा' म्हणून! आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या नावांभोवती फिरलेल्या या बायकांना स्वतःच्या मुलाचं नाव निवडायचा चान्स क्वचितच मिळाला.

चित्र हळूहळू बदलतंय. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव आलं. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. कागदावर ती आली. मग नाव निवडताना तिचा शब्द चारचौघांच्या गलक्यात हरवू नये, एवढं तर हवंच. दोघांनी काही महिने तोंड बंद ठेवणं हा त्याचा सगळ्यात सोपा आणि बिनभांडणाचा उपाय आहे.

हा गलका स्टार मंडळींनाही चुकलेला नाही. २०१६ मध्ये करीना आणि सैफने मुलाचं नाव जाहीर केलं आणि देशभरातून त्यावर टीका झाली. २०२१ मध्ये दुसरा मुलगा झाला, तेव्हा त्याचं नाव काही महिने बाहेर आलंच नाही. मुलाच्या नावावरून झालेल्या ट्रोलिंगला कंटाळून चिन्मय मांडलेकरने एप्रिल २०२४ मध्ये शिवाजी महाराजांची भूमिका यापुढे करणार नसल्याचं जाहीर केलं. अश्केनाझी ज्यू कुटुंबांत तर बाळ जन्मण्याआधी नाव न सांगणं हा रिवाजच आहे. मुलाचं नाव आठव्या दिवशीच्या समारंभात कळतं. म्हणजे आपल्या बारशापेक्षा चार दिवस लवकर!

पण आत्या रुसली तर?

खरी अडचण हीच. विचारणाऱ्या सगळ्या भोचक नसतात. भिवापूरच्या मावशीला नाव हवं असतं, कारण तिला दुपट्यावर ते भरायचं असतं. आत्याला तर नाव ठेवण्याचा मान आहे. "तुला सांगणार नाही" हे वाक्य तिच्या कानावर "तू आमची नाहीस" असं पडतं. म्हणून गुपित ठेवताना दार बंद करू नका, प्रत्येकाला काहीतरी काम द्या. नाव आपलं, सोहळा सगळ्यांचा!

चौकट : गुपित टिकवायचे सहा फंडे

१. एकच उत्तर : दोघांनी आधीच वाक्य ठरवा. "ठरलंय, पण बारशालाच कळणार." "अजून ठरलं नाही" असं चुकूनही म्हणू नका. दुसऱ्या दिवशी पन्नास नावांची यादी येईल!

२. नक्षत्राची ढाल : २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. बाळाची जन्मवेळच माहीत नसताना अक्षर कुठून आणणार? मोठ्यांना हे लगेच पटतं.

३. पोटनाव : पिल्लू, ठमी, लाडू... काहीही चालेल. लोकांना हाक मारायला काहीतरी मिळालं की चौकशी निम्म्याने कमी होते.

४. आत्याचा मान : बारशाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तिलाच सांगा, तेही प्रत्यक्ष. फोनवर किंवा ग्रुपवर नको.

५. फॉर्मची घाई नको : जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. नाव पुढे वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. तेव्हा स्पेलिंग शांतपणे ठरवा, हॉस्पिटलच्या काउंटरवर उभं राहून नको.

६. सगळ्यात कच्चा दुवा : आई नाही, सासू नाही... तुमचा नवरा! मित्रांबरोबर चहा पिताना तोच सांगून मोकळा होतो. त्याच्याकडे आधी लक्ष द्या.